फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये म्यूटेशन टेस्टसाठी कोणता तुकडा पाठवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात तपासायला येणारे ब्लॉक (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) फक्त पुण्याचे नसतात. सातारा, सोलापूर, नगर, बारामतीकडूनही येतात, पण सोबतचे प्रश्न बहुतेक तेच असतात. सुरुवातीचे प्रश्न नातेवाइकांचे आहेत. पुढचे हळूहळू डॉक्टरांचे आणि लॅबमधल्या मंडळींचे होत जातात. एक गोष्ट एकदाच सांगितली आहे. पुन्हा लागेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बायोप्सीत कॅन्सर निघाला, रिपोर्टही हातात आहे. मग आता ही म्यूटेशन टेस्ट कशाला?

पहिला रिपोर्ट सांगतो की कॅन्सर आहे आणि तो कुठल्या प्रकारचा आहे. म्यूटेशन टेस्ट सांगते की त्या पेशींच्या जीनमध्ये नेमका कुठला बिघाड (म्यूटेशन) झालाय आणि त्यावर गोळी उपलब्ध आहे का. ईजीएफआर जीनमधल्या बदलांचा आणि औषधाचा संबंध २००४ मध्ये कळला, एएलके जीनचा बिघाड २००७ मध्ये सापडला. आज यादीत आरओएस१, बीआरएएफ, एमईटी, आरईटी, एनटीआरके, एचईआर२, केआरएएस हेही आहेत. भारतात ॲडेनोकार्सिनोमाच्या (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक मुख्य प्रकार, पुढे नुसतं ‘ॲडेनो’) पेशंटमध्ये साधारण चारांत एकाला ईजीएफआरमधला बदल सापडतो. एवढं प्रमाण असताना टेस्ट न करता थेट केमो सुरू करणं म्हणजे खिशात किल्ली असताना कुलूप तोडणं.

२. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक बनवलेला असतो आणि तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. टेस्ट त्यावरच होते. पुन्हा बायोप्सी लागते ती ब्लॉकमधल्या कॅन्सर पेशी संपल्या असतील, तुकडा चुकीच्या रसायनात गेला असेल (प्रश्न ९ आणि १०) किंवा मधल्या काळात औषधोपचार होऊन आजार बदलला असेल (प्रश्न १८) तेव्हा.

३. लॅबमधून नक्की काय मागायचं? आणि ते न्यायचं कसं?

तीन गोष्टी मागा: ब्लॉक, त्याच ब्लॉकची एच अँड ई स्लाइड (नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेली) आणि पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत. ब्लॉक म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळीदार चौकट. तिच्यावर मेणाचा थर असतो आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान फिकट ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजेच तुकडा. चौकटीच्या तिरक्या कडेवर लिहिलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे काउंटरवरच बघा. घरी येऊन बघितलं तर दुसरी फेरी ठरलेली. नुसत्या रंगवलेल्या स्लाइड मिळाल्या तर त्या दुसरं मत घ्यायला उपयोगी पडतात, पण म्यूटेशन टेस्टला सहसा पुरत नाहीत. ब्लॉक द्यायला लॅब तयार नसेल तर त्यातून कापलेल्या कोऱ्या स्लाइड मागा. किती, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

नेताना उन्हापासून सांभाळा. हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवून तासाभराचं काम उरकून आलात, तर मेण पसरलेलं आणि तुकडा तिरका झालेला सापडू शकतो. डबीत कापूस घालून तो पिशवीत ठेवा. बर्फाची गरज नाही. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या, पुढे पुन्हा लागतो.

४. वडिलांना म्यूटेशन निघालं. आम्हा भावंडांची टेस्ट करायची का?

नाही. हा बदल गाठीतल्या पेशींमध्ये नंतर झालेला असतो, जन्मापासून सगळ्या शरीरात असलेला नसतो, त्यामुळे तो पुढच्या पिढीत जात नाही. एक दुर्मीळ अपवाद आहे. कुठलीही गोळी सुरू होण्याआधीच टी७९०एम हा ईजीएफआरमधला बदल सापडला आणि डीएनएमधलं त्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असलं, तर तो आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी जेनेटिक समुपदेशकाला भेटा.

५. फुप्फुसातली मूळ गाठ, मानेतली गाठ आणि लिव्हरमधला डाग, यापैकी कुठला तुकडा चांगला?

ज्यात जिवंत कॅन्सर पेशी जास्त आहेत आणि ज्याची जपणूक नीट झाली आहे, तो. जागेचा मान नंतर. उपचार सुरू होण्याआधी मूळ गाठ आणि पसरलेल्या गाठी यांत ईजीएफआर, एएलके यांसारखे मुख्य बदल सहसा सारखेच असतात, म्हणून मूळ गाठीचाच हट्ट धरायचं कारण नाही. मानेतली हाताला लागणारी गाठ कितीतरी सोपी: सुईला जवळ, फुप्फुस फाटायची भीती नाही, आणि कॅन्सर पेशी अनेकदा भरपूर.

मात्र लिम्फ नोडमध्ये (मानेतली अशी गाठ म्हणजे तोच) स्वतःच्या लिम्फोसाइट पेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) गर्दी असते, आणि कॅन्सर पेशींची टक्केवारी तिथेच मार खाते (प्रश्न ७). मोठ्या गाठीच्या मध्यभागी मेलेला भाग असतो. सीटी बघून सुई घालताना कडेचा, सीटीचं कॉन्ट्रास्ट औषध शोषणारा भाग निवडावा. मधला काळा भाग सोपा दिसला तरी त्यातून राखच हाती येते. हाडाचा डाग शेवटचा पर्याय, कारण प्रश्न १० मध्ये.

६. दोन वर्षांपूर्वीचा ब्लॉक आहे. चालेल का?

डीएनएसाठी बऱ्याचदा चालतो. आरएनए लवकर तुटतो, त्यामुळे फ्यूजन (दोन जीन चुकून जोडले जाणं) शोधणारी टेस्ट जुन्या ब्लॉकवर अडखळते. जुना आणि नवा असे दोन्ही ब्लॉक असतील आणि मधे उपचार झाले नसतील, तर ज्यात पेशी जास्त तो द्या, आणि बरोबरीचे असतील तर नवा द्या. कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइडचं मात्र वेगळं आहे. हवा लागून पृष्ठभागावरची प्रथिनं मंदावतात, म्हणून पीडी-एल१ (इम्युनोथेरपी किती लागू पडेल याचा अंदाज देणारं प्रथिन) आणि एएलकेच्या आयएचसीला (पेशीतली प्रथिनं रंगाने दाखवणाऱ्या तपासणीला) स्लाइड ताज्या कापलेल्या असाव्यात. कपाटात वर्षभर पडलेल्या नकोत.

७. रिपोर्टमध्ये ‘ट्यूमर कंटेंट २० टक्के’ लिहिलंय. म्हणजे तुकड्याचा २० टक्के भाग कॅन्सर आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका याच आकड्यात होतात. ही टक्केवारी क्षेत्रफळाची नाही, केंद्रकांची आहे. निवडलेल्या भागात शंभर केंद्रकं मोजली तर त्यातली कॅन्सरची किती, हा प्रश्न आहे. डीएनए केंद्रकात असतो आणि तो काढताना लॅब कोणाची पेशी मोठी, कोणाची लहान हे बघत नाही.

मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या मोठ्या, ऐसपैस पेशींचं एक बेट दिसतंय आणि भोवती लिम्फोसाइट दाटीवाटीने उभ्या आहेत, असं समजा. डोळ्याला कॅन्सर ६० टक्के जागा व्यापताना दिसतो. पण मोजायला बसलात तर कॅन्सरची २५ केंद्रकं आणि लिम्फोसाइटची ७५ निघू शकतात. ‘६० टक्के’ लिहून पाठवलं की पुढची लॅब त्या हिशेबाने चालते आणि मंद सिग्नलला गोंधळ समजून सोडून देते.

आकड्याचा उपयोग असा. पेशीत जीनच्या दोन प्रती असतात आणि म्यूटेशन सहसा एकीतच असतं. म्हणून २० टक्के कॅन्सर पेशी असतील तर म्यूटेशनचं प्रमाण दिसतं साधारण १० टक्के. जुन्या सँगर पद्धतीला १५ ते २० टक्के म्यूटेशन लागायचं, म्हणजे तुकड्यात ४० टक्क्यांच्या आसपास कॅन्सर हवा. एनजीएसला (एकाच वेळी अनेक जीन वाचणाऱ्या पद्धतीला) ५ टक्केही दिसतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लॅबकडे २० टक्के कॅन्सर पेशींच्या नमुन्यातही बदल पकडणारी पद्धत हवी. त्याखाली ‘म्यूटेशन नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही; ‘आहे’ आलं तर मात्र ते सहसा खरंच असतं.

टक्केवारी वाढवता येते. एच अँड ई स्लाइडवर कॅन्सरच्या बेटाभोवती पेनाने गोल काढायचा, ती स्लाइड कोऱ्या स्लाइडखाली धरायची आणि तेवढाच भाग ब्लेडने खरवडायचा. दहा मिनिटांचं काम आहे. कंटाळा करू नये.

८. बायोप्सी घेताना किती तुकडे घ्यावेत?

ब्रॉन्कोस्कोपीच्या चिमट्याने निदानाला चार-पाच तुकडे पुरतात. म्यूटेशन टेस्टही करायची असेल तर सहा ते दहा. सीटी बघून घेतलेल्या बायोप्सीत १८ किंवा २० गेजच्या (जाडीच्या) सुईने तीन ते सहा कोअर (बारीक लांबट तुकडे). ईबसमध्ये (श्वासनलिकेतून सोनोग्राफीने बघत नोडमध्ये सुई घालतात) एकाच नोडमधून निदानाचे पास (सुईच्या फेऱ्या) झाल्यावर टेस्टसाठी आणखी दोन-तीन पास, आणि ते सगळे सेल ब्लॉकसाठी (सुट्या पेशी गोळा करून केलेल्या ब्लॉकसाठी). जागेवरच स्मिअर (स्लाइडवर पसरलेल्या पेशी) बघणारं कोणी असेल तर उत्तम, पण तपासून बघण्याच्या नादात सगळा माल स्लाइडवर पसरून टाकू नये.

एक डिप्लॉइड (जीनच्या दोन प्रती असलेली) पेशी म्हणजे साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए. एनजीएसच्या अनेक पॅनलना किमान १० नॅनोग्रॅम लागतो, म्हणजे कागदावर दीड हजार पेशी. प्रत्यक्षात सेक्शनमध्ये (ब्लॉकमधून कापलेल्या पातळ चकतीत) केंद्रकाचा कापच येतो, फॉर्मॅलिनने काही डीएनए तुटतो आणि काढताना काही वाया जातो, म्हणून याच्या कित्येक पट पेशी हाताशी हव्यात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोअर तीन असतील तर एकाच ब्लॉकमध्ये न कोंबता दोन ब्लॉक करा. एकावर निदान, दुसरा न कापता टेस्टसाठी राखीव. या एका सवयीने बऱ्याच पुन्हा बायोप्सी टळतात.

९. फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ ठेवायचं? शनिवारी संध्याकाळी बायोप्सी झाली तर?

लहान बायोप्सीला ६ ते १२ तास, ऑपरेशनच्या मोठ्या नमुन्याला ८ ते १८ तास, ही उत्तम मुदत. सहा तासांच्या आत काढलेला तुकडा आतून कच्चा राहतो. ४८ तासांपर्यंत ठीक. ७२ च्या पुढे डीएनएचे तुकडे पडत जातात आणि डीएनएच्या अक्षरांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन वाचलं जाऊन नसलेलं म्यूटेशन दिसायला लागतं. नमुन्यात पेशी कमी असतील तर ही खोटी म्यूटेशन जास्तच उठून दिसतात.

शनिवारी संध्याकाळी सहाला घेतलेला तुकडा सोमवारी सकाळी आठला प्रोसेस झाला तर ३८ तास होतात. चालतं. दिवाळीची जोडून सुट्टी असेल किंवा अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असल्याने नमुना पेठेतच अडकला, तर हिशेब बिघडतो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी बायोप्सी ठेवताना नमुना कोण, कुठून, कधी नेणार हे आधी ठरवा. फॉर्मवर ‘फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ’ लिहायला एक ओळ असते. ती जवळजवळ नेहमी कोरी येते.

फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्के न्यूट्रल बफर्ड. एक लिटर करायला बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं, बफर नसलेलं फॉर्मॅलिन काळासोबत आम्ल होतं आणि डीएनए खातं. द्रवाचं प्रमाण तुकड्याच्या किमान दहापट हवं. ऑपरेशनने काढलेला लोब (फुप्फुसाचा कप्पा) तसाच बादलीत टाकला तर आतपर्यंत फॉर्मॅलिन पोहोचत नाही, ते तासाला साधारण एक मिलिमीटरच शिरतं. म्हणून श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन भरून फुप्फुस फुगवा, किंवा तासाभरात गाठ चिरून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा.

आपल्याकडची एक खास चूक: टीबीच्या शंकेमुळे सीबीनॅट (टीबीची जीन टेस्ट) आणि कल्चरसाठी सलाइनमध्ये तुकडा द्यायचा असतो, आणि घाईत सगळेच तुकडे सलाइनमध्ये जातात. दोन बाटल्या आधी भरून, लेबल लावून टेबलावर ठेवा. सलाइनची एक, फॉर्मॅलिनची एक.

१०. मणक्याची बायोप्सी झालीय. त्यावर टेस्ट होईल का?

हाड कापण्याआधी ते मऊ करावं लागतं. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडने हे काम काही तासांत होतं, पण डीएनएचा भुगा होतो. ईडीटीएने काही दिवस लागतात, डीएनए मात्र टिकतो. म्हणून लॅबला विचारायचा प्रश्न एवढाच: डीकॅल्सिफिकेशन कशाने केलं? उत्तर ‘ॲसिड’ असेल तर ‘म्यूटेशन सापडलं नाही’ या रिपोर्टला अर्थ नाही.

हाडाच्या डागाला अनेकदा बाहेर मऊ भागही असतो. बायोप्सी घेणाऱ्याने तो मऊ भाग वेगळ्या बाटलीत दिला आणि त्यावर ‘डीकॅल करू नये’ असं लिहिलं, तर प्रश्नच मिटतो. सुईसोबत आलेल्या रक्ताच्या गुठळीतही कॅन्सर पेशी असू शकतात. ती पुसून फेकू नये, तिचाच वेगळा ब्लॉक करावा.

११. छातीत पाणी झालंय. ते पाणी वापरता येईल का?

येईल, आणि अनेकदा तो सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग असतो. १० मिलीच्या ट्यूबवर भागवू नका. पाणी काढतच असाल तर १०० मिली किंवा जास्त पाठवा. ताजं लगेच पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गुठळी होऊ नये म्हणून काही घालायचं तर ईडीटीए घाला. हेपरिन पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याच्या पद्धतीच्या) आड येतं.

लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेल्या पेशी प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिनने गोठवतात आणि त्यांचा सेल ब्लॉक करतात. त्यातली टक्केवारी बघताना डोळे उघडे ठेवा: मेसोथेलियल पेशी (छातीच्या अस्तराच्या) आणि मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) कॅन्सरसारख्या दिसून आकडा फुगवतात. शंका असेल तर टीटीएफ-१ (फुप्फुसाच्या ॲडेनोच्या पेशी ओळखणारा मार्कर) किंवा तत्सम एक आयएचसी करून मोजा. वरचं पाणी टाकून देऊ नका. पेशी कमी निघाल्या तर त्यातला मोकळा डीएनएही टेस्टला वापरता येतो. लॅब ती टेस्ट करते का, हे आधी विचारून घ्या.

१२. फक्त एफएनएसीच्या (बारीक सुईने ओढलेल्या पेशींच्या) रंगवलेल्या स्लाइड आहेत, ब्लॉक नाही. आता?

टेस्ट होऊ शकते. २०१३ च्या सूचनांत स्मिअरपेक्षा सेल ब्लॉकला झुकतं माप होतं. २०१८ मध्ये, पेशी पुरेशा आणि टिकलेल्या असतील तर स्मिअरही चालतात, असं स्पष्ट केलं गेलं. खरं तर अल्कोहोलमध्ये बसवलेल्या किंवा हवेत वाळवलेल्या पेशींना फॉर्मॅलिन लागलेलंच नसतं, त्यामुळे त्यांचा डीएनए ब्लॉकपेक्षा अखंड असतो. अडचण दुसरीच: स्लाइड खरवडली की निदानाचा पुरावा गेला. म्हणून आधी ती स्कॅन करा किंवा ठळक भागांचे फोटो घ्या, आणि निदानाची किमान एक स्लाइड राखून ठेवा. कव्हरस्लिप काढायला झायलीनमध्ये कधी तास, कधी दिवस लागतात. जबरदस्तीने उचकटली तर पेशी तिच्याबरोबर निघतात.

१३. ब्लॉक छोटा आहे. आयएचसी, पीडी-एल१, ईजीएफआर, सगळंच लिहिलंय. आधी काय?

आधी निदान, पण काटकसरीने. टीटीएफ-१ आणि पी४० या दोन मार्करवर बहुतेक वेळा ॲडेनो की स्क्वॅमस (फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन प्रमुख प्रकार) हे ठरतं. सवयीने आठ-दहा मार्करचं पॅनल लावलं की ब्लॉक तिथेच संपतो. मग जीन्स, आणि त्यांच्याबरोबर पीडी-एल१. पीडी-एल१चा रिपोर्ट दोन दिवसांत येतो म्हणून आधी तो करून इम्युनोथेरपी सुरू करायची, आणि ईजीएफआरचं उत्तर मागाहून बघायचं, ही उलटी गंगा आहे. ईजीएफआर असलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमीच होतो. त्यात भर म्हणजे इम्युनोथेरपीनंतर लगोलग ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) सुरू केलं तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

ब्लॉक मायक्रोटोमवर (सेक्शन कापायच्या यंत्रावर) पुन्हा पुन्हा चढवला की दर वेळी पृष्ठभाग सपाट करण्यात कित्येक सेक्शन वाया जातात. म्हणून सगळं एकाच बैठकीत कापा. पहिली एच अँड ई, मग आयएचसीच्या दोन, मग ४ ते ५ मायक्रॉनच्या १० ते १५ कोऱ्या स्लाइड, आणि शेवटी पुन्हा एक एच अँड ई. ही शेवटची का? कारण पंधराव्या सेक्शनपर्यंत कॅन्सर उरलाय की फक्त फुप्फुसाची भिंत, हे तिच्यावरच कळतं. दोन ब्लॉकच्या मधे ब्लेड बदला आणि वॉटर बाथ पुसा. आधीच्या पेशंटचा तरंगता कण स्लाइडवर आला तर म्यूटेशनही त्याचंच दिसेल.

टेस्टच्या निवडीतही काटकसर करता येते. एकेक जीन सुटा तपासत गेलात तर तीन-चार टेस्टमध्ये तुकडा संपतो. पैशांची सोय असेल तर लहान बायोप्सीवर थेट एनजीएस करणं शहाणपणाचं. नसेल तर ईजीएफआरची पीसीआर, एएलकेची आयएचसी आणि आरओएस१ची आयएचसी ही किमान त्रयी. एएलकेची आयएचसी पॉझिटिव्ह आली तर त्यावर उपचार करता येतात. आरओएस१ची आली तर फिश (जीन चमकत्या रंगाने दाखवणारी टेस्ट) किंवा दुसऱ्या पद्धतीने खात्री करावीच लागते. फिशला किमान ५० मोजण्याजोग्या कॅन्सर पेशी लागतात, पीडी-एल१ला किमान १०० जिवंत.

१४. ऑपरेशनचे दहा ब्लॉक आहेत. पहिला, ए१, पाठवला तर चालेल ना?

थांबा. अनेक ठिकाणी ए१ म्हणजे श्वासनलिकेची कापलेली कड असते. तिथे कॅन्सर नसावा हीच सर्जनची इच्छा असते आणि बहुधा तसंच निघतं. तो ब्लॉक टेस्टला गेला तर ‘म्यूटेशन नाही’ हा रिपोर्ट येईल. तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आणि पेशंटसाठी पूर्ण चुकीचा असेल. रिपोर्टच्या शेवटी कुठला ब्लॉक कुठल्या भागाचा याची यादी असते. ती वाचा, गाठीचे ब्लॉक निवडा आणि त्यांच्या स्लाइड पुन्हा बघा. मेलेला भाग, दाट सूज आणि श्लेष्म्याची तळी टाळा. श्लेष्मा जागा खातो आणि पीसीआरलाही अडवतो. फॉर्मवर ‘ब्लॉक ए४’ असं स्पष्ट लिहा.

१५. ऑपरेशन होऊन गाठ निघाली. आता टेस्टची काय गरज?

स्टेज आयबी ते थ्री-एमध्ये ईजीएफआरच्या एक्सॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर या नेहमीच्या बदलांना ऑपरेशननंतर ऑसिमर्टिनिब दिलं जातं, आणि एएलके असेल तर अलेक्टिनिब. म्हणून गरज आहे. ऑपरेशनआधी केमो-इम्युनोथेरपी द्यायचा विचार असेल तर त्याच्याही आधी, बायोप्सीवरच ईजीएफआर आणि एएलके बघा. औषधाने गाठ विरघळल्यावर काढलेल्या लोबमध्ये जखमेचा व्रण आणि फेसाळ मॅक्रोफेज उरतात, टेस्टला पेशीच उरत नाहीत. तसं झालंच तर उपचाराआधीचा लहान ब्लॉक शोधून काढा.

१६. रिपोर्ट स्क्वॅमस आहे, किंवा पेशंट पक्का धूम्रपान करणारा आहे. टेस्ट करू नये का?

धूम्रपानावरून कोणालाही वगळू नका. स्क्वॅमसमध्ये हे बदल क्वचित असतात, पण पेशंट तरुण असेल, कधीच सिगरेट-बिडी ओढली नसेल किंवा बायोप्सी इतकी लहान असेल की ॲडेनोचा भाग सुटला असण्याची शक्यता आहे, तर जरूर करा. स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारात नेहमी करत नाहीत. अपवाद प्रश्न १८ मध्ये.

१७. बायोप्सीऐवजी नुसत्या रक्तावर होत नाही का?

होतं, पण ‘ऐवजी’ नाही. कॅन्सर पेशींनी रक्तात सोडलेल्या डीएनएमध्ये म्यूटेशन सापडलं तर त्यावर उपचार सुरू करता येतात. सापडलं नाही तर ते खरंच नाही की रक्तात उतरलंच नाही, हे कळत नाही, म्हणून तुकड्याकडे परत यावं लागतं. आजार फक्त छातीत किंवा फक्त मेंदूत असेल तर रक्तात कमीच उतरतं. रक्त उपचार सुरू होण्याआधी किंवा आजार वाढल्यावर घ्यावं. गोळी लागू पडत असताना घेतलं तर हाती काहीच लागत नाही. वयस्कर लोकांच्या रक्तपेशींमध्येच वाढलेले काही बदलही रिपोर्टमध्ये डोकावतात, टीपी५३ जीनचेही त्यात असू शकतात. ते कॅन्सरचेच आहेत असं गृहीत धरू नये.

साध्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त काही तासांतच सेंट्रिफ्यूज व्हायला हवं, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्या डीएनएत कॅन्सरचा डीएनए हरवतो. बाहेरगावी पाठवायचं असेल तर स्ट्रेकसारख्या खास ट्यूब वापरा: १० मिलीच्या दोन, काठोकाठ भरलेल्या, आठ-दहा वेळा हळुवार उलट्यासुलट्या केलेल्या. फ्रीज नको, गोठवलेले जेल पॅकही नकोत. ब्लॉकसारखंच, भर उन्हात गाडीच्या डिकीतही नको.

१८. दीड वर्ष गोळीवर बरं होतं, आता पुन्हा वाढलंय. जुना ब्लॉक चालेल?

नाही. जुन्या ब्लॉकमध्ये जुना आजार आहे, प्रतिकार नंतर आलाय. जी गाठ वाढतेय तिचाच नवा तुकडा घ्या. जी आकसलेली आहे तिचा घेऊन उपयोग नाही. जुनी गेफिटिनिबसारखी गोळी असेल तर टी७९०एम शोधतात, आणि वापरलेली पद्धत ५ टक्के प्रमाणही पकडणारी हवी. ऑसिमर्टिनिबनंतर एमईटी ॲम्प्लिफिकेशन (त्या जीनच्या प्रती वाढणं), सी७९७एस असे बदल शोधायचे असतात. आधी रक्त पाठवायला हरकत नाही, पण एक गोष्ट रक्त सांगूच शकत नाही: ॲडेनोचा स्मॉल सेल झालाय का. ते मायक्रोस्कोपखालीच दिसतं, आणि तसं झालं तर उपचारच बदलतात. म्हणून नव्या तुकड्यावर आधी पेशींची रचना बघा, मग जीन्स.

१९. एका लॅबने ईजीएफआर निगेटिव्ह दिलं, दुसरीने पॉझिटिव्ह. खोटं कोण?

बहुधा कोणीच नाही. आधी बघा, दोघांना तोच ब्लॉक गेला होता का (प्रश्न १४). मग पद्धत बघा. पीसीआर किट आधीपासून ठरलेले बदलच शोधतं. एक्सॉन १९ डिलीशन आणि एल८५८आर मिळून ईजीएफआर म्यूटेशनचा फार मोठा हिस्सा होतो, ते त्यात असतात; पण एक्सॉन २०च्या इन्सर्शनचे अनेक प्रकार किटमध्ये नसतात, एनजीएसमध्ये सापडतात. तिसरी गोष्ट, टक्केवारी. १५ टक्के कॅन्सर पेशींच्या नमुन्यावरचं ‘निगेटिव्ह’ आणि ६० टक्क्यांवरचं ‘निगेटिव्ह’ यांची पत सारखी नसते.

२०. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ आलंय. म्हणजे निगेटिव्ह ना?

अजिबात नाही. टेस्ट झालीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा क्रम असा: त्याच वेळचे दुसरे ब्लॉक किंवा सेल ब्लॉक आहेत का, मग स्मिअर (प्रश्न १२), मग रक्त, आणि शेवटी पुन्हा बायोप्सी. पेशंटची प्रकृती ढासळत असेल तर रक्त आणि नव्या बायोप्सीची तयारी एकाच दिवशी लावा, एकाची वाट बघत दुसरं अडवू नका. नमुना लॅबमध्ये पोहोचल्यापासून कामाच्या १० दिवसांत उत्तर यावं, अशी अपेक्षा धरतात. पण प्रत्यक्षात उशीर त्याआधीच होतो, ब्लॉक शोधणं, सही घेणं, कुरिअर यात. दुसऱ्या लॅबची मागणी आल्यावर कामाच्या तीन दिवसांत ब्लॉक बाहेर पडायला हवा.

२१. दोन्ही फुप्फुसांत एकेक गाठ आहे. दोन्हींची टेस्ट करायची का?

त्या दोन स्वतंत्र मूळ गाठी वाटत असतील, म्हणजे पेशींची रचना वेगळी असेल, तर दोन्हींची करा. म्यूटेशन वेगळं निघालं तर ते दोन वेगळे आजार असल्याचा पुरावाही मिळतो: एकीत एल८५८आर आणि दुसरीत केआरएएस असेल तर एक दुसरीचं पिल्लू नाही. मात्र दोन्हींत तेच म्यूटेशन निघालं म्हणून आजार एकच, असा उलटा निष्कर्ष काढू नये. एल८५८आर इतकं नेहमीचं आहे की योगायोगानेही जुळतं. एकाच गाठीचे वेगवेगळे कोपरे तपासण्यात तर पैसे घालूच नयेत.